‘एक्स्पोर्टची गाडी’ म्हणून पुरात बुडालेली गाडी विकली

सांगलीत जुनी गाडी बघत असाल तर हे आधी वाचा. आमच्या घरचे एक लाख ऐंशी हजार रुपये यात अडकलेत.

धाकट्या भावाला तासगावहून सांगलीला रोज ये-जा करायला छोटी गाडी हवी होती. २०२१ च्या दिवाळीनंतर एका दलालाने २०१२ ची मारुती ए-स्टार दाखवली. बाहेरून चकाचक, आत नवी सीट कव्हर. दलालाचा एकच धोशा : “दादा, ही एक्स्पोर्टची गाडी हाय. युरोपला जायची ही. पत्रा जाड, वायरिंग येगळं. असली गाडी परत घावायची न्हाई.”

यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर ते गळी उतरतं. ए-स्टार हरियाणात मानेसरला बनायची. नोव्हेंबर २००८ मध्ये ती आपल्याकडे आली, आणि तीच युरोपात सुझुकी ऑल्टो आणि निस्सान पिक्सो या नावांनी विकली जायची. ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. गाडी खरंच चांगली होती, २०१४ मध्ये बंद झाली. पण निर्यातीची गाडी बोटीने केव्हाच गेली. एमएच १० नंबरची गाडी इथल्या बाजारासाठीच बनलेली. दलाल पत्र्याचं कौतुक सांगत राहतो आणि पायाखालचं मॅटिंग उचलून बघायचं राहून जातं.

थोड्याच दिवसांत स्टिअरिंगचा दिवा लागायला लागला. सेंट्रल लॉक आपोआप पडायचं. वायरमनने मॅटिंग सोडवलं तर खाली वाळलेला गाळ. सीटच्या पट्ट्या गंजलेल्या, वायरिंगच्या जोडांवर हिरवा थर. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तेव्हा त्यावर पाण्याची मळकट रेघ दिसली. तो म्हणाला, “पाव्हणं, गाडी पुरातली हाय.”

आरसीवरच्या पत्त्यावर, शामरावनगरला, गेलो. मूळ मालक सज्जन माणूस, काही लपवलं नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट, आणि जुलै २०२१ ला पाणी ५० च्याही वर गेलेलं. गाडी दारातच बुडाली. विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही अशी गाडी, धरून पैसे दिले, भंगार म्हणून गाडी उचलली गेली, आणि मालकी बदलाच्या फॉर्म २९-३० वर मूळ मालकाच्या सह्या घेतल्या होत्या. ती गाडी सजवून आमच्या गळ्यात मारली. दलालाला विचारलं तर स्टॅम्प पेपर पुढे केला : ‘जशी आहे तशी’. घाम गाळून साठवलेल्या पैशावर असा डल्ला मारणाऱ्याची चीड येते.

म्हणून सांगतो, गाडीच्या जुन्या पॉलिसीची प्रत मागा आणि त्या विमा कंपनीकडे क्लेम झालाय का ते विचारा. स्टेपनीच्या खाचेत हात घालून बघा. धुतलं तरी तिथे गाळ राहतो. आतमध्ये अत्तराचा भपका येत असेल तर काचा बंद करून थोडा वेळ बसा, ओलीचा वास लपत नाही. आणि करारात ‘ही गाडी पुरात बुडालेली नाही, टोटल लॉस झालेली नाही’ असं विकणाऱ्याच्या सहीने लिहून घ्या.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, पण मुदत दोन वर्षांची. सांगली-मिरजेत अशीच ‘एक्स्पोर्टची’ गाडी आणखी कुणाला दिली असेल तर गाळाचे फोटो, पैसे दिल्याची पावती आणि दलालाचे मेसेज आजच जपून ठेवा.