गाडीचं डिझेल आणि कार्बन मोजणारी सर्विस, सात महिने वापरून: ५ पैकी ३ स्टार

कळंबोलीच्या स्टील मार्केटला माझ्या चार गाड्या लागतात, सगळ्या दहा चाकी. गेल्या वर्षी एका मोठ्या पार्टीच्या, म्हणजे ज्यांचा माल आम्ही नेतो त्या कंपनीच्या, ऑफिसातून फोन आला की प्रत्येक खेपेचा कार्बन द्या. सेबीच्या नियमाने शेअर बाजारातल्या बड्या कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि समाजाबाबतचा वार्षिक रिपोर्ट द्यावा लागतो आणि माल त्यांचा म्हणून आमच्या गाडीच्या धुराचा हिशोबही त्यांना दाखवायचाय. भाडं वाढवा म्हटलं की मीटिंगमध्ये असतात, धूर मात्र ग्रॅममध्ये पाहिजे! तर ही सर्विस देणारे लोक शोधले. टाकीत सेन्सर, जीपीएस, मोबाइलवर ॲप आणि महिन्याला एक रिपोर्ट.

आधी चांगलं सांगतो. डिझेल सेन्सर एक नंबर. आधी आम्ही टाकी फुल ते टाकी फुल असं ॲव्हरेज काढायचो, त्यात गाडी कुठे उभी राहून डिझेल पीत होती ते कळायचंच नाही. पहिल्याच आठवड्यात दिसलं की भिवंडीला गोडाऊनच्या गेटबाहेर गाडी दीड-दोन तास चालू इंजिनवर उभी. ड्रायव्हर मामांना विचारलं तर म्हणाले, "शेठ, इंजिन बंद केलं की तेवढ्यात लाइन सरकते, मग मागचा हॉर्न मारतो." दोन लिटर तिथेच खलास आणि त्याचं हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, कुणी देत नाही. आता तोच ग्राफ पार्टीला पाठवतो, भांडायला कागद तर आला हातात.

आता गडबड. रिपोर्टमध्ये मेन आकडा असतो टन-किलोमीटरमागे किती ग्रॅम, म्हणजे एक टन माल एक किलोमीटर नेला तर किती धूर. माझा आला ३९. मी खूश, पार्टी त्याहून खूश. मग एका रविवारी सहज वजनकाट्याची पावती घेऊन बसलो. १८ टन कॉइल, कळंबोली ते भिवंडी ४२ किमी, म्हणजे ७५६ टन-किलोमीटर. जाताना ११ लिटर लागलं, एक लिटर जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, भागाकार केला तर बरोबर ३९. पण गाडी परत काय उडत आली का? रिटर्न भाडं मिळालं नव्हतं, रिकामी येताना ८ लिटर आणि गेटवरचे ते २, एकूण २१ लिटर. आकडा जातो ७४ वर, जवळजवळ डबल! यांनी फक्त भरलेली फेरी धरली होती.

वाहतुकीचा कार्बन मोजण्यासाठी २०२३ मध्ये आयएसओ १४०८३ नावाचं स्टँडर्ड आलंय, त्यात रिकाम्या फेऱ्या धरायच्याच असतात, वर डिझेल बनवून पंपापर्यंत आणायचा धूर पण, म्हणजे लिटरमागे आकडा ३ किलोच्या वर जातो. यांच्या जाहिरातीत त्याच स्टँडर्डचं नाव मोठ्या अक्षरात आहे हो.

याहून भारी गंमत म्हणजे एकदा मुंब्रा बायपास जाम होता म्हणून गाडी महापे-ऐरोली-ठाणे करत फिरून गेली, १० किमी जास्त पडले, डिझेल जास्त गेलं आणि ॲपमध्ये त्या खेपेला हिरवा बाण, 'कामगिरी सुधारली'! कारण यांनी जास्तीचे किलोमीटर पण 'काम' म्हणून भागाकारात खाली टाकले. अरे माल तर कळंबोलीहून भिवंडीलाच गेला ना? स्टँडर्डमध्ये खाली जवळच्या रस्त्याचं नाहीतर सरळ रेषेतलं अंतर घेतात ते ह्याच्यासाठीच, नाहीतर जो जास्त फिरवेल तो पर्यावरणप्रेमी.

सपोर्टला फोन लावला. पोरगा बोलायला चांगला, पण सुरुवातीला "सर, सिस्टीम ऑटोमॅटिक काढते" एवढंच. तीनदा काट्याच्या पावत्या पाठवल्यावर सव्वा महिन्याने रिकामी फेरी हिशोबात आली. अंतराचं अजून तसंच आहे. वजन पण हाताने टाकावं लागतं, नाही टाकलं तर ॲप गाडी फुल्ल पासिंगने, म्हणजे परवानगी आहे तेवढ्या पूर्ण वजनाने, भरलीय असं धरून चालतं, आणि अर्ध्या गाडीच्या खेपा आमच्याकडे किती असतात ते मार्केटमधल्या कुणालाही विचारा.

पार्टीला सुधारलेला आकडा पाठवला तेव्हा तिथल्या मॅडम म्हणाल्या, "एकदम डबल कसा काय झाला?" म्हटलं मॅडम, परतीचा माल तुम्ही द्या, लगेच खाली येईल. भिवंडीहून तळोज्याची एक परतीची खेप लावून दिली आहे त्यांनी, आठवड्यातून दोनदा.

डिझेलसाठी घेणार असाल तर डोळे झाकून घ्या. कार्बनसाठी घेणार असाल तर पहिले दोन महिने काट्याच्या पावत्या फेकू नका. मी दोनच गाड्यांचं रिन्यू केलंय, बाकी दोन अंतराचं दुरुस्त केल्यावर.