कोडिंगचं एआय टूल, नवा क्रेडिटवाला प्लॅन : टूल झकास, बिल डोक्याला ताप (३/५)

कोथरूडला घरूनच छोटी सॉफ्टवेअरची कामं करतो, सोसायट्यांचं मेंटेनन्स बिलिंग वगैरे. त्यासाठी हे टूल घेतलेलं. नाव घेत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चाललंय. आधी महिन्याला ठरलेले पैसे भरा आणि हवं तेवढं वापरा असं होतं, आता रक्कम तीच पण बदल्यात क्रेडिट मिळतं, ते संपलं की वरचे पैसे टाका नाहीतर पुढच्या महिन्यापर्यंत गप्प बसा.

टूल म्हणून एक नंबर, दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला पीएचपी कोडचा गुंता पण नीट सोडवून देतं. त्यात वादच नाही.

घोळ आहे एजंट मोडचा, म्हणजे काम सांगितलं की टूल स्वतःच फाइली वाचतं, बदलतं, चालवून बघतं. पावतीच्या पीडीएफमध्ये 'क्षेत्रफळ'मधला क्ष फुटून क् आणि ष सुटे दिसत होते, म्हटलं कर दुरुस्त. गडी फॉन्ट बदलतोय, चालवून बघतोय, जमत नाही, परत सगळ्या फाइली वाचतोय, परत दुसरा फॉन्ट. फॉन्टचा काही संबंधच नव्हता हो, पीडीएफ बनवणारी तयार कोडची लायब्ररीच जोडाक्षरं जुळवत नव्हती! आणि प्रत्येक फेरीला आधीची सगळी बडबड मॉडेलकडे पुन्हा जाते, तिचेही टोकन (मजकुराचे तुकडे, त्यांवरच क्रेडिट कापतात) मोजतात, त्यात देवनागरीला इंग्रजीपेक्षा टोकन जास्त लागतात. चुकला तो, क्रेडिट गेलं माझं.

कंपन्यांचंही कळतं. चॅटजीपीटीच्या महिना २०० डॉलरच्या प्लॅनवरही तोटा होतोय, लोक अपेक्षेपेक्षा जास्त वापरतात, हे ते बनवणाऱ्या ओपनएआयच्या सॅम ऑल्टमनने जानेवारी २०२५ मध्ये स्वतःच सांगितलेलं. त्याच वर्षी जूनमध्ये गिटहब कोपायलट या कोडिंगच्याच टूलने १० डॉलरच्या प्लॅनला महिन्याला ३०० प्रीमियम रिक्वेस्टची (भारी मॉडेलला सांगितलेल्या कामांची) मर्यादा लावली, वर प्रत्येकी ४ सेंट. ते निदान बोटांवर मोजता तरी यायचं. कर्सर या तसल्याच टूलनेही त्याच महिन्यात हिशोब बदलला आणि लोक असे भडकले की जुलैत माफी मागून अचानक आलेल्या बिलांचे पैसे परत द्यायची वेळ आली. तर वापराचे पैसे घ्या, तक्रार नाही, पण रिक्षात मीटर डोळ्यासमोर असतो, इथे खर्चाचं पान सेटिंगमध्ये कुठेतरी खोल पुरून ठेवलंय आणि काम सुरू करायच्या आधी किती लागेल त्याचा अंदाज शून्य. दोन स्टार त्याचेच कापले.

घ्यायचंच असेल तर खर्चाची मर्यादा आधी लावा, दर नव्या कामाला नवीन चॅट उघडा, किरकोळ कामाला स्वस्तातलं मॉडेल. वार्षिक प्लॅन अजिबात नको, नियम कधी बदलतील सांगता येत नाही. बिल डॉलरमध्ये येतं, कार्डाचा फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनावर बँक लावते ते जास्तीचे पैसे) वेगळा.

मी आता कोटेशनमध्ये एआयचा खर्च वेगळा दाखवतो. परवा एका सोसायटीच्या खजिनदार काकांनी चष्मा वर करून विचारलं, "तुमचं मशीन चुकलं तर त्याचे पैसे पण आम्हीच द्यायचे का?" आणि पेनाने ती ओळ खोडली.