बागेत सापडलेली शिवराई विकत घेण्याआधी

पहाटे फिरायला येणाऱ्यांच्या वाटेवर, जुन्या तटबंदीजवळच्या किंवा नदीकाठच्या बागेत एक जण मेटल डिटेक्टर घेऊन फिरत असतो. चार माणसं कुतूहलानं थांबतात. मशीन वाजतं, तो खुरपीनं वीतभर खणतो आणि मातीनं माखलेलं तांब्याचं नाणं बाहेर येतं. पुसल्यावर 'श्री राजा शिव' अशी अक्षरं दिसतात, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची शिवराई. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि नाण्याची किंमत त्याच क्षणी ठरते. हौशी संग्राहक सर्वात जास्त फसतो तो इथे, कारण नाणं जमिनीतून निघताना त्यानं स्वतः पाहिलेलं असतं. पण ते जमिनीत कधी गेलं, हे त्यानं पाहिलेलं नसतं.

आधी खड्डा बघा. कित्येक वर्षं न हललेली माती घट्ट असते, तिचे ढेकूळ निघतात आणि गवताची मुळं सलग असतात. आठवड्यापूर्वी पुरलेल्या जागी माती भुसभुशीत लागते, वरची काळी आणि खालची मुरमाड अशी दोन्ही एकमेकांत मिसळलेली असतात, मुळं तुटलेली असतात. दुसरी गोष्ट म्हणजे सार्वजनिक बागेत डिटेक्टर खरोखर फिरवला, तर बाटल्यांची झाकणं, खिळे, तारांचे तुकडे, अॅल्युमिनियमची फॉइल आणि हल्लीची स्टीलची नाणी यांनीच पिशवी भरते. पहिल्याच सिग्नलला शिवराई आणि दुसऱ्याला चांदीचा रुपया निघत असेल, तर जागा आधीच तयार केलेली आहे असं समजा.

मशीनची मर्यादाही माहीत हवी. साध्या डिटेक्टरच्या कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत प्रवाह निर्माण होतो आणि त्याचा प्रतिसाद कॉइल पकडते. रुपयाएवढं नाणं चांगल्या स्थितीत 20–25 सेंटीमीटरपर्यंत सापडतं. आपल्याकडची काळी माती बेसॉल्टपासून झालेली, तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. त्यामुळे खोली आणखी घटते आणि खोटे सिग्नल येतात. म्हणून प्रत्येक नव्या जागी कॉइल जमिनीजवळ वरखाली करून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीच्या स्वतःच्या प्रतिसादाकडे मशीननं दुर्लक्ष करावं अशी जुळणी, करावा लागतो. मशीनचा जो विक्रेता हे न करता, टेबलावर अंगठी ठेवून मशीन वाजवून दाखवतो, तो तुम्हाला हवेतली खोली विकतो आहे.

आता नाण्याकडे येऊ. शिवराई यंत्रावर पाडलेली नाही. तापवलेल्या तांब्याच्या चकतीवर हातोड्यानं ठसा ठोकलेला आहे. ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून अस्सल नाण्यावर एखादं अक्षर कडेबाहेर गेलेलं, एखादं अर्धवट उमटलेलं असं दिसतं. पुढची 'श्री राजा शिव' आणि मागची 'छत्र पति' ही सगळी अक्षरं मधोमध नीट बसलेली, भोवती ठिपक्यांचं पूर्ण वर्तुळ, असं नाणं हातात आलं तर आनंदाआधी शंका यावी. बनावट नाणी बहुधा साच्यात ओतलेली असतात. भिंगातून पाहिलं की पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे, अक्षरांच्या कडा साबण झिजावा तशा गोलसर, आणि नाण्याच्या काठावर साच्याच्या जोडाची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा सापडतात. सर्वात पक्का पुरावा म्हणजे जुळी नाणी. हातानं ठोकलेल्या दोन नाण्यांची कड, चीर आणि सरकलेली छाप हुबेहूब सारखी असणं अशक्य आहे. म्हणून विक्रेत्याकडे पाच-सहा शिवराया असतील तर सगळ्या शेजारी शेजारी मांडायला सांगा आणि फोटो काढा. एकाच जागी चीर असलेल्या दोन दिसल्या की बोलणं तिथेच थांबवा.

हिरवट थराला भुलू नका. मीठ, व्हिनेगर, अमोनिया लावून किंवा शेणात पुरून हा रंग थोड्या दिवसांत आणता येतो, तर काही जण सरळ रंगच लावतात. कापसाचा बोळा अॅसिटोनमध्ये बुडवून कडेला हलकेच फिरवा. रंग कापसाला आला तर तो लावलेला होता. जमिनीत वर्षानुवर्षं चढलेला थर अॅसिटोननं निघत नाही. मात्र रंग न आल्यानं नाणं अस्सल ठरत नाही, कारण रसायनानं आणलेला थरही टिकू शकतो.

धातूच्या परीक्षेत लोक वेगळी चूक करतात. नाण्याला चुंबक चिकटलं नाही म्हणून समाधान मानतात. पण सोनं, चांदी, तांबं चुंबकाला चिकटत नाही, तसं पितळही चिकटत नाही आणि जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचा चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू, तोही नाही. त्यापेक्षा 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला लागू देऊ नका, आणि बुडबुडे झटकून टाका. काट्यावर जो आकडा येईल त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. हा भागाकार म्हणजे धातूची घनता. कंपनी सरकारचा 1835 नंतरचा आणि राणीच्या छापाचा रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात 91.7 टक्के चांदी. पाण्यात काटा 1.13 च्या आसपास दाखवतो आणि भागाकार 10.3 च्या जवळ येतो. तेवढ्याच वजनाचा जर्मन सिल्व्हरचा रुपया 1.34 दाखवेल. शिवराईला मात्र ही परीक्षा उपयोगाची नाही, कारण बनावटही तांब्याचीच असते. तिथे भिंगच कामाला येतं.

सोन्याच्या होनांच्या व्यवहारात डाव बदलतो. 'शेतात हंडा सापडलाय' असा निरोप येतो, आणि सोनाराकडून तपासायला एक-दोन नाणी किंवा मणी दिले जातात. ते सोन्याचेच असतात. पैसे देताना मिळणारी पिशवी पितळेची असते. 28 ग्रॅम सोनं पाण्यात साधारण दीड ग्रॅमचा फरक दाखवेल, पितळ सव्वातीन. पण ती तपासणी करायला निर्जन जागी जाऊच नका. अशा भेटीत मारहाण करून रोकड हिसकावल्याचे गुन्हे महाराष्ट्रात नोंदले गेले आहेत. रामदरबार किंवा हनुमानाचं चित्र असलेलं 1818 चं 'ईस्ट इंडिया कंपनी'चं नाणं तर कंपनीनं कधी पाडलंच नाही. ते तांदूळ स्वतःकडे ओढतं असं सांगून लाखांत विकतात. तांदळात लोखंडाचा कीस असतो, नाण्यात चुंबक.

याहून महागडी फसवणूक लाँग रेंज लोकेटर नावाच्या वस्तूची आहे. मुठीत मोकळी फिरणारी अँटेना, पडद्यावर सोनं, चांदी, हिरा असे पर्याय, आणि एक किलोमीटरवरून खजिना दाखवण्याचा दावा. मनगट किंचित कलतं आणि काडी उताराकडे वळते, एवढंच त्यात घडतं. याच जातीचं एडीई 651 हे उपकरण बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला 2013 मध्ये लंडनमध्ये 10 वर्षांची शिक्षा झाली. परीक्षा घरी घेता येते. दहा एकसारखे डबे ठेवा. सोन्याची अंगठी कोणत्या डब्यात जाईल हे चिठ्ठी काढून ठरवा. ठेवणाऱ्यानं खोलीबाहेर जावं आणि मग विक्रेत्याला आत बोलवावं. असं दहा वेळा करा. नशिबानं सरासरी एकदा जमतं. 'आज ग्रह ठीक नाहीत' किंवा 'घरात वीज आहे' असं उत्तर आलं की उपकरण परत द्या.

'पोलिसांना कळलं तर सरकार सगळं घेऊन जाईल' ही धमकी प्रत्येक व्यवहारात असते, आणि तिच्यामुळेच तक्रारी होत नाहीत. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवल्यास शोधणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण रीतसर कळवलं, कुणी पूर्वीचा मालक पुढे आला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि उरलेला जमीनमालकाचा असतो. सरकारनं वस्तू घेतली तरी धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद आहे. केंद्र संरक्षित स्मारकात मात्र परवानगीशिवाय खुरपीसुद्धा लावू नका.

साधी, झिजलेली शिवराई नाणे प्रदर्शनात काहीशे रुपयांत मिळते, पावतीसह. हजारो मोजून बागेत घेतली असेल आणि शंका आली असेल, तर नाणं धुऊ नका. मातीसकट कागदी पाकिटात ठेवा, काठाचेही फोटो काढा, संभाषण आणि यूपीआय व्यवहाराचा क्रमांक जपा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच गोठवता येते. रोख दिले असतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318 खाली तक्रार द्या, आणि खड्ड्याची जागाही पोलिसांना दाखवा.