गडद निळी गाडी, नागपूरची धूळ आणि दहा महिने

पहिला ओरखडा गुरुजींच्या अंगठीचा. दसऱ्याला डिलिव्हरी घेणाऱ्यांची शोरूमच्या आवारात रांग लागली होती, गुरुजी या गाडीवरून त्या गाडीकडे पळत होते, आणि माझ्या बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढताना त्यांच्या अंगठीने दोन इंचांची बारीक रेघ मारली. मला ती दिसली दुसऱ्या दिवशी, उन्हात. आई म्हणाली, "जाऊ दे, लागायची ती दृष्ट तिथंच लागली." गाडी गडद निळी आहे. हा रंग शोरूमच्या दिव्यांखाली जितका देखणा तितकाच नागपूरच्या उन्हात चुगलखोर. पांढऱ्या गाडीवर जे वर्षभर लपतं ते याच्यावर आठवड्यात दिसतं.

गाडी ताब्यात घेतानाच टेफ्लॉन आणि सिरॅमिक असे दोन कोटिंगचे कागद पुढे आले होते. टेफ्लॉनचे सहा हजार, सिरॅमिकचे चोवीस. दोन्हींना नाही म्हटलं. टेफ्लॉन म्हणजे तव्यावरचं पीटीएफई. ते वितळतं ३२७ अंशांना, आणि तव्यावर बसवायला भट्टी लागते. बोनेटवर हाताने चोळून ते तसं बसणार कसं, असं विचारल्यावर सेल्समन हसला आणि मॅट फुकट देतो म्हणाला. मॅट घेतल्या.

"नव्या गाडीला तीन महिने वॅक्स लावू नको, रंगाला श्वास घेऊ दे" असंही दोघातिघांनी बजावलं. तो नियम गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या गाडीचा आहे. कारखान्यातला रंग भट्टीत साधारण १४० अंशांना भाजून निघालेला असतो. गाडी आपल्या दारात येईपर्यंत त्याचं सुकणं कधीच संपलेलं असतं. मी पंधराव्या दिवशी सीलंट (रंगावर पातळ राखण बसवणारं कृत्रिम पॉलिमरचं द्रव) लावलं, काही झालं नाही.

सामान असं घेतलं: पीएच न्यूट्रल (ना आम्ल ना अल्कली) शॅम्पू, दोन बादल्या आणि तळाला बसणाऱ्या दोन जाळ्या, मायक्रोफायबरचा हातमोजा, पाणी टिपायचा एक जाडजूड टॉवेल, पॉलिमर सीलंटची एक बाटली, डझनभर लहान फडकी. सगळं मिळून ४,३०० रुपये. यातली फडकी सोडून बाकी सगळं आजही वापरात आहे. फडकी स्वस्तातली होती. धाग्यांची पिसं सोडायची आणि कडेची शिवण कडक. ती आता चाकांना आणि किचनच्या ओट्याला.

आता मुख्य गोष्ट, आणि ती बाटलीत मिळत नाही. आमच्या सोसायटीत सकाळी सहाला गाड्या पुसायला एक काका येतात. एक बादली, एक फडकं, चौदा गाड्या. माझा नंबर अकरावा. म्हणजे दहा गाड्यांची माती त्या बादलीत विरघळल्यावर ते फडकं माझ्या बोनेटवर फिरायचं. पहिल्या महिन्यात मी लक्षच दिलं नाही. रोज सकाळी गाडी चकचकीत दिसायची, अजून काय हवं? दिवाळीनंतर एकदा पेट्रोल पंपावर रात्री दिव्याखाली उभा होतो, तेव्हा दाराच्या निळ्या पत्र्यावर दिव्याभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारख्या रेघा दिसल्या. त्या गोल दिसतात पण गोल नसतात. बारीक ओरखडे सगळ्या दिशांना असतात. उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिवा फिरवला की जाळंही फिरतं.

रंगाच्या दुकानात काम करणाऱ्या एका मित्राकडे जाडी मोजायचं यंत्र आहे. त्याने बोनेटवर टेकवलं: ११२ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर, सगळं मिळून. त्यातला तो पारदर्शक थर, ज्याला ही मंडळी क्लिअर कोट म्हणतात, चाळीसेक मायक्रॉनचा. आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षा पातळ. सर्व्हिसिंगला गेलं की "साहेब, रबिंग-पॉलिश करून देऊ का, फ्रेश वाटेल" असं विचारतात ना, ते रबिंग याच थरातून खातं. रेघा जातात म्हणजे रेघांच्या तळापर्यंतचा थर घासून काढलेला असतो. एकदोनदा चालेल, दर सर्व्हिसिंगला नाही. मी तेव्हापासून जॉबकार्डवर "बाहेरून धुऊ नये, पॉलिश करू नये" असं स्वतःच्या हाताने लिहितो. दोनदा त्यांनी तरीही धुतली. तिसऱ्यांदा आरशाला कागद चिकटवला, तेव्हा ऐकलं.

काकांचं काय करायचं हा प्रश्न मोठा होता. त्यांना बंद करणं बरोबर वाटेना. माझ्यासारख्या सहाशे-सहाशे रुपयांवर त्यांचं घर आहे. म्हणून सांगितलं, पैसे तेवढेच, फक्त चाकं, काचा आणि आतल्या मॅट करायच्या, पत्र्याला हात लावायचा नाही. ते बघतच राहिले. "काहून साहेब, माह्यं काही चुकलं का? पैसे तर देऊन राहिले अन् गाडी पुसू नको म्हणता!" मी टॉर्च लावून त्यांना दारावरचं जाळं दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, म्हणाले, "हे तर समद्याच गाड्यांवर हाय." आहेच. शेजारच्या काळ्या एसयूव्हीवर तर भिंग न लावता दिसतं. तिचे मालक दर दिवाळीला पॉलिश करतात आणि संक्रांतीपर्यंत परत तेच.

त्यामुळे माझ्या गाडीवर आठवडाभर धूळ असते, हे मान्य करावं लागलं. सुरुवातीला लाज वाटायची. लिफ्टमध्ये दोघांनी विचारलं, "नवीन गाडी ना, मग अशी का?" पण धूळ बसलेली असते तोवर काही बिघडवत नाही. ती कोरडी पुसली की सँडपेपर होते. कोरडं फडकं नाही, झटकणी नाही, बोटाने "मला धुवा" लिहिणारी सोसायटीतली पोरंसुद्धा नाहीत.

धुण्याची पद्धत थोडक्यात. आधी नुसत्या पाण्याने मोकळी माती खाली पाडायची, टपापासून खाली. मग मोजा शॅम्पूच्या बादलीत बुडवून एक पॅनेल, दुसऱ्या साध्या पाण्याच्या बादलीत खळखळून, परत शॅम्पूत. दाराचा खालचा तिसरा भाग आणि बंपर सगळ्यात शेवटी. जाळीखाली बसलेली रेती पहिल्यांदा पाहिली तेव्हा काकांची बादली डोळ्यांपुढे आली. सकाळी साडेसहाच्या आत किंवा सूर्य गेल्यावर. सव्वा तास लागतो, दर दहा दिवसांनी. कंबर बोलते.

पाण्याने मात्र मला जास्त छळलं. आम्ही मनीषनगरच्या पुढे राहतो, सोसायटीत वापराला बोअरचं पाणी. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, बुडवला तर ९००च्या आसपास. पेंच धरणाचं नळाला येणारं पाणी २००च्या आत. बोअरच्या पाण्याचा थेंब पत्र्यावर सुकला की पाणी जातं आणि चुना मागे राहतो, पांढरी गोल रांगोळी. तो डाग वेळेत निघाला नाही आणि ऊन त्याच्यावर बसलं की क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडतो, मग शॅम्पूने जात नाही. शेवटचं धुणं नळाच्या पाण्याने करायला लागलो, दोन बादल्या वरून आणतो, आणि लगेच टॉवेल अंथरून टिपतो, घासत नाही. जुन्या डागांना पांढरं व्हिनेगर अर्ध्या पाण्यात मिसळून अर्धा मिनिट, मग भरपूर पाणी. निम्मे गेले.

डिसेंबर-जानेवारीत दुसरीच भानगड. समोरच्या प्लॉटवर सात मजली बांधकाम सुरू आहे. सिमेंटची पूड रात्री गाडीवर, पहाटे दव, सकाळी ऊन. म्हणजे काय होणार? बोनेटवर बारीक बारीक प्लॅस्टर. हाताला खरखर लागायची. मी हुशारी करून क्ले बार आणला. मातीच्या लगद्यासारखी वडी असते, साबणाच्या पाण्यावर घसरवत चिकटलेले कण ओढून काढते. काम अप्रतिम करते. उजवं दार काचेसारखं गुळगुळीत झालं. मग वडी हातातून पार्किंगच्या फरशीवर पडली. दोनशे ऐंशी रुपयांची वस्तू टाकवेना, म्हणून नळाखाली धुतली आणि डाव्या दारावर चालवली. डाव्या दारावर आता हातभर लांबीच्या पाच समांतर रेघा आहेत. पडली की फेकायची, हे पाकिटावर लिहिलेलं होतं. तेव्हापासून कव्हर घातलं नाही पण गाडी बांधकामाच्या बाजूने हलवून पलीकडे लावली, त्याने जास्त फरक पडला. तिथे आंब्याचं झाड आहे हे फेब्रुवारीत कळलं. मोहोराबरोबर तुडतुडे येतात, आणि त्यांचा चिकटा टपभर.

सीलंट की वॅक्स, याचा निकाल लावायला मार्चच्या शेवटी बोनेटवर मधोमध टेप लावली. डावीकडे कार्नौबा वॅक्स, उजवीकडे पॉलिमर सीलंट. कार्नौबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानावरचं मेण. लावल्यावर निळ्या रंगाला जी खोली येते ती सीलंटला येत नाही, खरं सांगतो. शेजारच्या काकूंनाही डावी बाजू आवडली. पण ते मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, आणि मे महिन्यात मित्राच्या इन्फ्रारेड मीटरने दुपारी दोनला माझं बोनेट ७४ दाखवलं. वितळलं नाही, पण अशा उन्हात रोज तापून टिकणार किती? पाचव्या आठवड्यात डावीकडे पाणी पसरट बसायला लागलं. उजवीकडे जूनच्या पहिल्या पावसात अजून मोत्यासारखे थेंब होते. वॅक्स हौसेला, सीलंट नागपूरला. एक सूचना: वॅक्स काळ्या प्लॅस्टिकवर लागू देऊ नका. आरशाखाली माझ्याकडून लागलं, ते पांढरट पट्टे अजून गेले नाहीत.

सिरॅमिक कोटिंग मावसभावाने त्रिमूर्तीनगरला करून घेतलं. धुळीचा चिकटपणा त्याच्या गाडीवर कमी, धुणं निम्म्या वेळात होतं, यात शंका नाही. पण त्याला सांगितलेलं "नाईन एच, ओरखडा येतच नाही" हे काही पटलं नाही. तो एच पेन्सिलीच्या कठीणपणाचा आहे. ९एच पेन्सिलीने रेघ उमटत नाही इतकाच त्याचा अर्थ; रस्त्यावरची रेती पेन्सिलीपेक्षा कितीतरी कठीण असते. आणि बागेच्या बोअरच्या कारंज्याचे डाग त्याच्या कोटिंगवरही तसेच बसलेत. गाडी सात-आठ वर्षं ठेवणार आणि उघड्यावर लावणार असाल तर करा. ते करून परत सकाळच्या एकाच फडक्याला गाडी देणार असाल तर चोवीस हजारांचं दुसरं काहीतरी घ्या.

सगळ्यात वाईट मेमध्ये झालं, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू असताना. ऑफिसबाहेर सावली म्हणून उंबराखाली गाडी लावली. वर वटवाघळांचा मुक्काम. संध्याकाळी टपावर बियांचा लगदा पापुद्र्यासारखा सुकलेला. तापलेला क्लिअर कोट मऊ पडून फुगलेला असतो. त्यावर विष्ठा सुकते, आकसते, आणि गार होताना रंग तिच्याभोवती आवळला जातो. एका दुपारीत पाच रुपयांच्या नाण्याएवढा खळगा. सीलंट असूनही. आता डिक्कीत पाण्याची फवारणी बाटली आणि दोन फडकी कायम असतात. टिश्यू ओला करून पाच मिनिटं वर ठेवायचा, मग उचलायचा. घासायचं नाही, त्या बियाच रेघा मारतात. सावलीपेक्षा ऊन परवडलं, असं मी नागपुरात राहून म्हणेन असं वाटलं नव्हतं.

उन्हाळ्यात पाण्याची बोंब होती तेव्हा नंतर पाणी न मारता धुण्याचं द्रावण वापरलं. एका दहा लिटरच्या बादलीत झाकणभर, त्यात भिजलेली आठ फडकी, एका पॅनेलला एक. हलक्या धुळीला उत्तम. पावसाळ्यातल्या काळ्या मातीच्या चिखलाला मुळीच नाही, तिथे आधी पाणी मारावंच लागतं. समृद्धी महामार्गावरून आलं की समोरच्या बंपरवर किड्यांचा सडा असतो; ओलं फडकं दहा मिनिटं पसरून ठेवलं की सुटतो. उमरेड रोडवर टिप्परच्या मागे राहून बोनेटला दोन टिचके उडाले, त्यांना टचअप पेनचा ठिपका दिलाय. जवळून दिसतो. खड्यांपुढे वॅक्स, सीलंट, सिरॅमिक सगळं सारखंच; त्याला पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्मच लागते, आणि तेवढे पैसे मला बंपरवर घालवायचे नाहीत.

दहा महिन्यांचा एकूण खर्च ७,१०० रुपये, काकांचे सोडून. गेल्या रविवारी पंपावरच्या त्याच दिव्याखाली गाडी उभी केली. पहिल्या महिन्यातलं जाळं तेवढंच आहे, नवं वाढलेलं नाही. डाव्या दाराच्या पाच रेघा आणि टपावरचा खळगा मित्र मशीनने काढून देतो म्हणतोय, दोन-तीन मायक्रॉन जातील. दाराला हो म्हटलंय, टप राहू दे, तो मला दिसत नाही. अंगठीच्या रेघेला आई हात लावू देत नाही. येत्या दसऱ्याला स्वस्तिक मात्र समोरच्या काचेवर काढायचं ठरलंय, आणि ते ती स्वतः काढणार आहे, बांगड्या वर सारून.