जुनं ऑइल इंजिन मोडीत काढताना: ग्राइंडर की हॅक्सॉ?

विहिरीवरचं जुनं इंजिन मोडीत काढायचं म्हटलं की हात आधी ग्राइंडरकडेच जातो, आणि गंजलेल्या नटांपुरतं ते बरोबरही आहे. चार इंची ग्राइंडर, १ मिमीची चकती. नटाला स्टडच्या समांतर चीर द्यायची, आट्यांना लागण्याआधी थांबायचं, छिन्नीच्या ठोक्यात नट उकलतो. इथे हॅक्सॉ चालवला तर पाती जातात आणि बोटंही सोलतात. क्रँकशाफ्टच्या कडक केलेल्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर तर त्याचे दात नुसते घसरतात. पण क्रँक कापायचाच कशाला, भंगारवाला अख्खा घेतो.

पिस्टनला मात्र उलटं. ॲल्युमिनियम चकतीच्या कणांत भरतं, चकती गुळगुळीत होते, मग कापत नाही, फक्त तापते. तिथे इंचाला १८ दात असलेलं हॅक्सॉचं पातं, दात पुढच्या बाजूला, रॉकेलचे चार थेंब आणि मिनिटाला चाळीस-पन्नास हात. येताना दाब नको. गजनपिन (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन) आणि रिंगा आधी काढाव्यात. काही डिझेल पिस्टनांत वरच्या रिंगच्या खाचेत बीडाची कडी ओतलेली असते. पातं अचानक करकरलं तर ती लागली समजा आणि जरा खालून कापा.

माझं मत फिरलं ते लाईनमुळे. गहू-हरभऱ्याच्या ओलितात एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी सुरू होतात आणि व्होल्टेज बसतं. ग्राइंडरचा आवाज जाड होतो, फेरे पडतात, आपण नकळत दाब वाढवतो. चकती चिरेत आवळली जाते, मशीन उसळतं. १ मिमीची चकती तिरकं वाकणं सोसत नाही, तुकडे होऊन उडते. म्हणून गार्ड काढून कधीच चालवू नये. त्यात दाबामुळे करंट वाढतो आणि आतला पंखाही मंदावलेला, म्हणजे आर्मेचर जळायला वेळ लागत नाही. बॅटरीवरचा ग्राइंडर हा उपाय आहे खरा, पण एका इंजिनासाठी तेवढा पैसा कोण घालेल? शिवाय इंजिन पडलेलं असतं गोठ्यामागे, बाजूला कुटाराचा ढीग नाहीतर पऱ्हाटी. ठिणगी किती लांब जाते ते अंधारात चालवल्यावर दिसतं.

ब्लॉक दोन्हींनी आरपार कापत बसू नये. बीड ठिसूळ असतं. ३-४ मिमी खोल खाच पाडायची, दोन ओंडक्यांवर ब्लॉक असा ठेवायचा की खाच खाली येईल, आणि वरून घण. खाच वर ठेवली तर घण नुसता उडत राहतो. ही खाच हॅक्सॉने पाडायला वेळ लागतो हे मान्य, पण बीड कोरडंच कापलं जातं, तेल लागत नाही. चष्मा मात्र घालाच, कपच्या डोळ्याच्या उंचीवर येतात.

घ्यायचंच असेल तर मी आधी चांगली हॅक्सॉ फ्रेम आणि बायमेटल पाती घेईन. नटांपुरता ग्राइंडर गावात कोणाकडेही मिळतो. मोटारी सुरू व्हायच्या आत आणून परत करावा.