भाषांचे क्षेत्रीय ध्वनिमुद्रण जतनासाठी कुठे सोपवावे: ऑस्टिन की बर्कली?

मेक्सिको, ग्वाटेमाला किंवा पेरू येथील मूळनिवासी भाषांच्या ध्वनिमुद्रणासाठी ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात २००० साली सुरू झालेला ‘आयला’ हा लॅटिन अमेरिकेतील मूळनिवासी भाषांचा संग्रह मला अधिक योग्य वाटतो, कारण तो आरंभापासून डिजिटल आहे, त्याचे संकेतस्थळ स्पॅनिशमध्येही वापरता येते आणि कोणते मुद्रण सर्वांसाठी खुले ठेवायचे व कोणते परवानगीनेच ऐकू द्यायचे, हे वेगवेगळे ठरवता येते. विधींतील मंत्र किंवा घरच्या आठवणी परक्यांच्या कानी पडू नयेत, असे सांगणाऱ्याने बजावले असेल, तर ही सोय अत्यावश्यक ठरते.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संग्रहाची जडणघडण निराळी आहे. मेरी हास आणि मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात सुरू झालेल्या, कॅलिफोर्नियातील व इतर मूळनिवासी भाषांच्या सर्वेक्षणातील हस्तलिखित वह्या आणि ध्वनिफिती तेथे मूळ रूपातही जपलेल्या आहेत. (याच एमेनोंनी आपल्या वर्ध्याकडील कोलामी भाषेवर ग्रंथ लिहिला.) कॅलिफोर्नियातील ज्या भाषांचा एकही जन्मजात भाषक उरलेला नाही, त्या समाजांतील माणसे बर्कलीत भरणाऱ्या कार्यशाळांत अशाच वह्या आणि फितींवरून आपल्या पूर्वजांची भाषा पुन्हा शिकतात.