गच्चीच्या यूपीव्हीसी दाराचं नवीन हँडल: नऊ महिन्यांनंतर

गच्चीच्या दाराचं हँडल बदललं ते गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर. आता श्रावण चालू आहे. मधल्या काळात उत्तरायण होऊन गेलं, मे महिन्याचं ऊन सोसून झालं आणि अर्धा पावसाळाही सरला. नवं हँडल पहिल्या आठवड्यात कुणालाही आवडतं, म्हणून इतके दिवस लिहायचं थांबले होते.

आमचं घर बडोद्यात कारेलीबागेत, वरच्या मजल्यावर. जिन्याच्या टोकाला आत उघडणारं, एका झडपेचं यूपीव्हीसीचं, म्हणजे कडक प्लास्टिकच्या पट्ट्यांचं दार आहे आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला जाळीचं दार. आत मल्टीपॉइंट लॉक आहे. दार लावून हँडल वर उचललं की वर, मध्ये आणि खाली असे तीन ठिकाणी हूक चौकटीत जातात, मग किल्ली फिरवायची. हे लॉक घरातल्या साध्या कडीसारखं नसतं. हँडल म्हणजे त्याची चावी असते, नुसती धरायची मूठ नव्हे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा खालच्या मजल्यावरची दोन्ही कुटुंबं आमच्याकडे राहायला होती. वीज नव्हती. टाकीतलं पाणी बादल्यांनी उतरवायचं, ओले कपडे वाळत घालायचे, वर जाऊन रस्त्यावर पाणी किती चढलंय ते बघायचं, सगळं त्याच दारातून. त्या दिवसांत ते दार किती वेळा उघडलं त्याचा हिशेब नाही. त्यानंतरच हँडल सैल पडायला लागलं. सोडलं की आडवं न राहता खाली लोंबायचं. गणपतीत तर वर उचलताना करकर आवाज यायला लागला. माझ्या सासूबाईंना संधिवात आहे. त्या रोज सकाळी तुळशीला पाणी घालायला वर जातात, आणि एक दिवस दार उघडेना म्हणून आतूनच हाका मारत उभ्या राहिल्या. तेव्हा ठरवलं, आता हे टाळायचं नाही.

पहिला मिस्त्री आला तो दार हलवून म्हणाला, पूर्ण लॉकच बदलावं लागेल, साडेचार हजार होतील. तो खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही, पण त्याने काही तपासून बघितलं नव्हतं. मग मीच तपासलं, आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

आधी दार उघडं ठेवून हँडल वर-खाली केलं. हूक बाहेर आले, आत गेले, कुठे अडकले नाहीत. मग दार लावून तेच केलं, तर जोर लागला. उघड्या दारात सहज आणि लावलेल्या दारात जड, म्हणजे दोष लॉकचा नाही, दार चौकटीत नीट बसत नाहीये. त्यातही सकाळी कमी जड आणि दुपारी तीनला जास्त, कारण दार पश्चिमेला आहे. यूपीव्हीसी उन्हात बरंच वाढतं: दोन मीटरच्या मोकळ्या पट्टीला तीस अंशांच्या फरकाने चार मिलिमीटरच्या आसपास. हुकाला आणि चौकटीतल्या खाचेला एवढा फरक पुरेसा होतो. खालच्या बिजागरीचं टोपण काढून ॲलन कीने झडप जरा वर घेतली, एका वेळी अर्धा फेरा, आणि दर वेळी दार लावून बघितलं. अर्ध्या तासात जडपणा बराचसा गेला. पैसे शून्य.

पण लोंबणं राहिलंच. मग दोन्ही बाजूंची हँडलं काढली, लॉकच्या भोकात नुसती चौकोनी स्पिंडल (दोन्ही हँडलांना जोडणारी सळई) घातली आणि पान्याने फिरवली. लॉक व्यवस्थित फिरलं. आणि काढलेलं हँडल उलटं करून बघितलं, तर प्लेटच्या मागची स्प्रिंग तुटून दोन तुकडे झाली होती. म्हणजे गिअरबॉक्स, लॉकच्या आतली यंत्रणा, धडधाकट होता, गेलं होतं ते हँडल. हे काम करताना दाराखाली लाकडी पाचर जरूर लावा. हँडल काढलेलं दार वाऱ्याने आपटून बंद झालं, तर गच्चीवर अडकाल.

आता खरेदी. रावपुऱ्यात एका दुकानात जुनं हँडल दाखवलं. दुकानदार म्हणाले, "बधां सरखां ज आवे, बेन." सगळी सारखीच येतात. मी ऐकलं, साडेआठशेला जोडी घेतली, घरी आले, आणि प्लेटचं एकही भोक जुन्या भोकावर बसेना. सगळी सारखी येत नाहीत, हे त्या दिवशी साडेआठशे रुपयांत कळलं.

दुसऱ्या वेळी कागदावर मापं लिहून नेली. पहिलं आणि सर्वांत निर्णायक माप म्हणजे स्पिंडलच्या मध्यापासून सिलिंडरच्या मध्यापर्यंतचं अंतर. आमचं ९२ मिलिमीटर निघालं. ८५ चंही बाजारात मिळतं, आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच वाटतात. मी घेऊन आलेलं पहिलं हँडल ८५ चं होतं. सिलिंडर म्हणजे किल्लीचा भाग, त्याचा मध्य कसा धरायचा असा प्रश्न पडतो. वरच्या गोल भागाचा मध्य धरायचा, खालच्या निमुळत्या भागाचा नाही. दुसरं, प्लेटच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंमधलं अंतर, आमचं २१५. हे जुळलं नाही तर प्रोफाइलला, म्हणजे दाराच्या यूपीव्हीसी पट्टीला, नवी भोकं पाडावी लागतात आणि जुनी उघडी राहतात, ज्यातून पावसाचं पाणी आत शिरतं. मी हे अजिबात करू नका म्हणेन. तिसरं, स्पिंडलची जाडी, बहुतेक ८ मिलिमीटर चौकोनी असते, पण मोजून खात्री करा. चौथं, प्लेटची रुंदी, कारण यूपीव्हीसीची उभी पट्टी अरुंद असते आणि लाकडी दाराची रुंद प्लेट त्यावर मावत नाही.

पाचवं माप मला कुणीच सांगितलं नव्हतं: हँडल दारापासून किती पुढे येतं. बाहेर जाळीचं दार आहे ना. दुसऱ्यांदा आणलेलं हँडल सगळ्या मापांत बसलं, पण त्याचा दांडा जाळीच्या चौकटीला घासायला लागला, जेमतेम चार मिलिमीटरने. दुकानदारांनी ते परत घेतलं, यासाठी मी त्यांची ऋणी आहे. ज्यांच्याकडे जाळीचं दार आहे त्यांनी जुनं हँडल दारापासून किती पुढे येतं ते आधी मोजावं. तसंच पट्टी अरुंद म्हणून लॉक कडेजवळ असतं आणि दार ओढताना बोटांची पेरं चौकटीला घासतात. यासाठी मधून थोडं वळलेलं, वाकड्या मानेचं हँडल मिळतं. ते घ्यावं.

शेवटी तिसरं आणलं ते राहिलं. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचं, आतून-बाहेरून दोन्हीकडे दांडा, प्रत्येक प्लेटमध्ये स्वतःची स्प्रिंग, दांड्याची लांबी १३० मिलिमीटर. बावीसशे रुपये. काळ्या पावडर कोटिंगचं स्वस्त आणि देखणं होतं, पण दार पश्चिमेला आहे आणि एप्रिलच्या दुपारी काळी धातू हाताला चटका देते. क्रोमचा चकचकीत थर दिलेलं जस्ताच्या मिश्रधातूचं हँडल तर जुनंच होतं आमचं. दोन पावसाळ्यांत त्याच्यावर बारीक पुरळ उठली होती. त्यामुळे ते दोन्ही पर्याय बाजूला गेले. लांब दांडा मुद्दाम घेतला. दांडा लांब तितका जोर कमी लागतो, आणि सासूबाईंना हँडल वर उचलणंच सर्वांत अवघड जायचं.

बसवायला चाळीस मिनिटं लागली. दोन गोष्टी सांगायच्या आहेत. स्पिंडल लांब होती. तशीच ठेवली असती तर प्लेट दाराला टेकली नसती. मोजून हॅक्सॉने कापली आणि कडा कानशीने घासल्या, कारण कापल्याची धार राहिली तर स्पिंडल लॉकच्या आत खरवडते. दुसरी गोष्ट स्क्रूची. ते आतल्या बाजूने जाऊन बाहेरच्या प्लेटमध्ये बसतात, म्हणून बाहेरून कुणाला काढता येत नाहीत. ते ड्रिलने घट्ट करू नका. आमच्या शेजारच्यांनी केले आणि प्रोफाइलच चेपली. हाताने, थोडा वरचा, थोडा खालचा, असे आलटून-पालटून आवळा. मध्येच हँडल फिरवून सोडा. ते स्वतःहून आडवं झालं नाही तर स्क्रू पाव फेरा सैल करा. आमचं पहिल्यांदा जड राहिलं ते याच कारणाने, आणि मला क्षणभर वाटलं की हेही परत द्यावं लागणार.

सिलिंडर प्लेटच्या बाहेर किती डोकावतंय तेही त्याच वेळी बघून घेतलं. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर आलं तर चोराला पकडीत धरून मोडायला सोपं जातं. आमचं दोन भरलं, नवी प्लेट जुनीपेक्षा जाड असल्याने.

आता वापर. उत्तरायणाचे दोन दिवस, चौदा आणि पंधरा जानेवारी, ही या दाराची खरी परीक्षा होती. सकाळी सहापासून मुलं वर. भाचे, शेजारचे, त्यांचे मित्र. हातात फिरकी, खिशात चिक्की, उंधियूचं पातेलं वर न्यायचं, तिळगूळ खाली राहिला म्हणून पुन्हा धावायचं. हँडल कोपराने, कधी गुडघ्यानेही दाबलं गेलं. मांज्याने बोटं कापलेल्या हातांनी ओढलं गेलं. सोळा तारखेला मी मुद्दाम तपासलं. सोडलं की सरळ आडवं होत होतं, एक अंशही खाली नाही.

मे महिन्यात दुपारी दार पुन्हा किंचित जड झालं. हँडलला दोष देण्याआधी बिजागरी पाव फेरा फिरवली आणि ठीक झालं. हे दरवर्षी उन्हाळ्यात करावं लागेल असं मला वाटतं, आणि त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. कापड जसं आटतं तशी ही पट्टी वाढते. स्टील तापतंच, पण काळ्यासारखं नाही. दुपारी तीनला धरता येतं.

सासूबाईंना आता दोन बोटांनी हँडल उचलता येतं. त्या स्वतः म्हणाल्या, "आता मी वर गेले की तुला हाक मारायची गरज नाही." माझ्यासाठी बावीसशे रुपये इथेच वसूल झाले.

ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्याही सांगते. स्प्रिंग सुरुवातीला फारच कडक होती. पहिले पंधरा दिवस त्यांना त्रास झाला, मग ती वापराने मऊ झाली. मॅट स्टीलवर तेलाच्या बोटांचे ठसे दिसतात, आणि घरात फोडणी होते तिथे ठसे असणारच. ओल्या मऊ फडक्याने पुसते, थिनर किंवा टॉयलेट क्लीनर कधीच नाही, कारण थिनरचा थेंब प्रोफाइलवर पडला तर पांढऱ्यावर डाग राहतो आणि टॉयलेट क्लीनरमधलं आम्ल स्टीलला खातं. किल्लीच्या भोकाला झाकण नाही. गच्चीवर धूळ आणि काँक्रीटची पूड उडते, ती आत जाते. दोन महिन्यांनी किल्ली अडखळायला लागली तेव्हा मी घरात होता तो गंज सोडवणारा स्प्रे मारला. ती माझी चूक झाली. काही दिवस बरं वाटलं, मग त्या तेलकटपणाला धूळ चिकटली आणि किल्ली जास्तच अडकली. सिलिंडर पुसून कोरडं केलं आणि ग्राफाइटची पूड किल्लीला लावून चार वेळा फिरवली, तेव्हा सुरळीत झालं. हुकांच्या बाजूला मात्र सिलिकॉन स्प्रे चालतो, वर्षातून दोनदा पुरतो.

कुणी बदलायचा विचार करत असेल तर आधी दार उघडं ठेवून आणि मग लावून, दोन्हीकडे हँडल फिरवून बघा. दोन्हीकडे लोंबत असेल तरच हँडलकडे वळा. आणि दुकानात जाताना हँडल न्या, पण त्याबरोबर मापंही न्या, मिलिमीटरमध्ये. मी आमची पाचही मापं जिन्यातल्या मीटरच्या पेटीच्या दाराला आतून पेनने लिहून ठेवली आहेत. माझ्या मुलालाही माहीत आहे कुठे आहेत.

या आठवड्यात सतत पाऊस आहे. काल सकाळी प्लेट पुसताना आतल्या बाजूच्या खालच्या स्क्रूच्या डोक्यावर मोहरीएवढा तांबूस ठिपका दिसला. हँडल स्टेनलेस स्टीलचं आहे, पण बरोबर आलेले स्क्रू नसावेत. पाऊस उघडला की त्याच मापाचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणून दोन्ही बदलणार आहे.